या पानाला साजेसं

३ जून, सोमवार

नवं शहर, नवी नोकरी आणि चक्क खिडकीजवळचं टेबल! स्वारी सकाळपासून खुशीत आहे. बाबांनाही घर आवडलं. म्हणजे त्यांनी नावं ठेवली नाहीत, आणि त्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्रक कुणाला मिळत नसतं. आईचं शिवणयंत्र त्यांनी स्वतः उभं राहून खिडकीत ठेवून घेतलं. आई गेल्यापासून त्यावर कुणी शिवत नाही, पण ते पुसलं मात्र रोज जातं.

काम मजेचं आहे. कुणी आपल्या ब्लॉगवर जुन्या कॅमेऱ्यांबद्दल लिहितो. आमचा कोड तो मजकूर वाचतो आणि ऑनलाइन लिलावात आलेला एखादा कॅमेरा बाजूच्या चौकटीत दाखवतो. चौकटीवर लिहिलेलं असतं, 'या पानाला साजेसं'. वाचकाने तिथून जाऊन बोली लावली की ब्लॉगवाल्यालाही टक्का, आम्हालाही टक्का. आमच्या साहेबांना सगळे पाठीमागे टक्केसाहेब म्हणतात, हे मला जेवणाच्या सुट्टीआधीच कळलं.

५ जून, बुधवार

कोड महामठ्ठ आहे. एका बाईंनी नवरा गेल्याचं लिहिलं, तर याने शेजारी एक वापरलेली काठी विकायला ठेवली! बाईंनी फोनवर माझा उद्धार केला, आणि बरोबरच केला. ही जुळणी सुधारायची, हेच माझं काम. टक्केसाहेब म्हणाले, चाचणीला कुणीतरी मनापासून लिहिलेलं पान हवं, त्यावरूनच तो शिकेल. माझ्याकडे असं एकच पान आहे, ही ऑनलाइन रोजनिशी. पासवर्ड फक्त माझ्याकडे. कोड इथेच चिकटवला. कोण वाचतंय!

१० जून, सोमवार

बाबांच्या घड्याळाने वैताग आणलाय. हलवल्याशिवाय चालत नाही. पट्टा तुटला तेव्हा आईने हिरव्या दोऱ्याने शिवला होता, तोच अजून. नवीन घ्या म्हटलं की ऐकूच आलं नाही असं दाखवतात. डावा कान अधू आहे, मान्य, पण उजव्याला काय झालं?

एवढं लिहिलं आणि चौकटीत घड्याळ आलं. पट्ट्याला हिरवा दोरा. खाली वर्णन, 'हलवल्याशिवाय चालत नाही.' शाब्बास रे मठ्ठा! पण फोटो कुठून आणलास?

१३ जून, गुरुवार

चौकटीत 'विकले गेले'. घरी आले तर बाबांचं मनगट मोकळं. विचारलं, तर म्हणाले, मी कधी घड्याळ वापरलंय का, वेळ सांगायला तू आहेस की. थट्टा वाटली. पण मनगटावर पट्ट्याचा फिकट डागही नाही. लिलाववाल्यांना तक्रार केली. उत्तर आलं, आपल्या संदेशाबद्दल आभार. आभार कसले डोंबलाचे!

१४ जून, शुक्रवार

खिडकीत शिवणयंत्र नाही. तिथे कुंडी आहे. बाबा म्हणतात, कुंडी पहिल्यापासून आहे, आणि तुझ्या आईला सुईत दोरा ओवता येत नव्हता. मी ओरडले. माझे सगळे फ्रॉक तिने शिवलेत! बाबा कुंडीला पाणी घालायला लागले.

कोड काढून टाकला. चौकट तिथेच, आत आईचं शिवणयंत्र, एकदा विकलं गेलेलं आणि पुन्हा लिलावात आलेलं. ते परत मिळवायला स्वतः बोली लावली, तर माझं खातंच बंद. आपल्या पानावरच्या जाहिरातीवर आपण बोली लावायची नाही, हा नियम मीच सगळ्यांना बजावत होते. टक्केसाहेब म्हणाले, बोली लागली की वस्तू मागे घेता येत नाही. पानाचा विषय बदलला, तर वस्तू बदलते. वर म्हणाले, जुनीच वस्तू ना, एवढं काय त्यात.

१७ जून, सोमवार

बाबा, बाबा, बाबा! हट्टी, चिडके. चहा पिऊन झाला की परत चहा मागतात. अर्धं ऐकतात आणि पूर्ण भांडतात. आणि आता आईलाच विसरायला लागलेत. मी कुठवर पुरी पडू? वीट आलाय मला. वीट!

१८ जून, मंगळवार

चौकटीत बाबा आहेत.

कुंडीजवळ बसलेले. 'वयस्कर गृहस्थ. हट्टी, चिडके. डावा कान अधू.' सगळे माझेच शब्द. बोली चढतेय. कालचं सगळं पुसलं, चौकट ढिम्म. पासवर्ड बदलला. ढिम्म. कोण घेतंय माझ्या बाबांना? ते आत खोकतायत — अजून खोकतायत, देवा —

१९ जून, बुधवार

विषय बदलायचा. सकाळपासून खुर्चीबद्दल लिहितेय, पंख्याबद्दल लिहितेय. फसत नाही मेला. मनापासून लिहिलेलंच धरतो. मीच शिकवलं त्याला.

मनापासून मी दोघांबद्दलच लिहू शकते. एक ते. आणि —

ठीक. मग मी. आज फक्त मी. तापट. कामाला चोख. गुडघ्यावर सायकलवरून पडल्याची खूण. सूर नाही, तरी गाते. एकटीला झोपायची अजून भीती वाटते, कुणाला सांगितलेलं नाही. दिवा चालू ठेवून झोपते, आणि रात्री उठून तो दिवा विझवायला येतात — नाही, नाही, त्यांच्याबद्दल नाही. मी. मी तापट. मी चोख. मी —

२० जून, गुरुवार

बदलली! चौकट बदलली. फोटोत मी, घरातल्या याच टेबलाशी. बाबा सुटले. सुटले! आत रेडिओ लावलाय त्यांनी, नेहमीसारखा मोठ्याने.

शेवटची बोली —

'विकले गेले' —

अजून आहे मी इथे. हात आहेत. लिहितेय.

बाबा दारात आलेत. घाबरलेत. कोण पाहिजे, विचारतायत. घर चुकलं असेल म्हणाले, बसा म्हणाले, पाणी आणतो. किती नरमाईने बोलतायत. मला तुम्ही म्हणतायत. बाबा मला कधीच तुम्ही —