पाचव्या भागातला वाकणारा शिपाई

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१२ सप्टेंबर २०२५

विश्वजीत,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी ऐक. भिंतीमागं जाऊन बसलं की गोळी लागलेला माणूस आपोआप बरा होतो, हे कोणाच्या डोक्यातून निघालं? पहिल्या भागात गोळी लागली की औषधाची पेटी हुडकत रांगत जावं लागायचं, जीव नुसता कासावीस व्हायचा. आता भिंतीला टेकायचं, दम खायचा, की झाला गडी ताजा. असली एक भिंत मला गुडघ्यासाठी पाठव.

राखीला तू स्वतः आला नाहीस, नवं मशीन आणि ‘स्टील फोर्ट’चा पाचवा भाग पाठवलास. आमच्या पोरानं, माऊलीनं, शेंद्र्याच्या कंपनीतून ड्यूटी करून आल्यावर टीव्हीला जोडून दिलं. मला वाटलं आता बंदूक हातात येईल. कशाची! आधी ईमेल मागितला, मग पासवर्ड मागितला, मग माझा पासवर्ड लई सोपा आहे म्हणून परत पाठवला. माझ्या गिरणीत दळणाला आलेलं गिऱ्हाईक एवढं ताटकळत नाय. त्यानंतर तो शिपाई आईची आठवण काढून रडायला लागला. रड बाबा, पण आधी बंदूक दे. दिली, तर तिच्यावर गुलाबाची फुलं काढलेली.

आणि आपला किल्ला कुठं गेला? तो काळोखा बोळ, ज्याला आपण दौलताबादच्या भुयारावरून अंधारी म्हणायचो, जिथं तू कॉलेजात असून माझा पदर धरून बसायचास? आता बोळात दिवे आहेत आणि वर बाण दाखवतो, इकडं जा, तिकडं जा. दौलताबादच्या अंधारीत असे बाण लावले असते तर दुश्मनानं सकाळचा चहा वर बालेकिल्ल्यात घेतला असता.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण पडदा अर्धा होत नाय. सगळी बटणं दाबून पाहिली. गिरणीच्या जागी आपलं गेमचं दुकान होतं, दुपारी पोरं शाळेत गेली की वरचा अर्धा पडदा माझा आणि खालचा तुझा, दुसऱ्याच्या अर्ध्यात डोकावेल तो बेइमान. दुकान मोडलं तरी भाऊबीजेचा नेम मोडला नाय. ओवाळायचं, जेवायचं, एका गादीवर बसून खेळायचं, आणि हरेल त्यानं घरादाराची उष्टी काढायची. आता मशीन म्हणतं दोघांना खेळायचं तर दोन घरं, दोन टीव्ही. आणि तू तेच धरून बसलास, की मग भाऊबीजेला यायचं काय काम, घरूनच खेळू. ओवाळायचं काय, वायरीतून?

बरं, खेळले तुझ्याशी परवा रविवारी, तू पुण्यात, मी इथं. तू जिंकलास. जिंक. पण मी पडल्यावर माझ्या मढ्यापाशी येऊन तुझा शिपाई खालीवर खालीवर वाकला. दुकानात वांड पोरं हरलेल्याला चिडवायला हेच करायची, आणि मी त्यांना कानाला धरून बाहेर काढायची. थोरल्या बहिणीच्या मढ्यावर उठाबशा काढतोस?

फोन करू नको, उचलणार नाय. फोनवर तू मीटिंग आहे म्हणून ठेवून देतोस. कागद तसा ठेवता येत नाय. चौथी शिकलेल्या बाईनं एवढं लिहिलंय, वेलांट्या मोजू नको, उत्तर दे. येणार की नाय?

तुला आणि तुझ्या बायकोला आशीर्वाद. तिला जरा जास्त, तिनं काय केलं नाय.

तुझी
आशाआक्का

---

पुणे
१७ सप्टेंबर २०२५

ती. आक्कास शि. सा. नमस्कार. साष्टांगच, कारण तुझं पत्र वाचून मी आडवाच झालो होतो.

तुझी तब्येत खणखणीत आहे हे कळलं. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव. बन्सीदाजींना सांग की गिरणीचा पट्टा बदलून घ्या, मागच्या वेळी त्याचा आवाज फोनवरसुद्धा ऐकू येत होता.

गेमबद्दल म्हणशील तर आक्का, तू फार कडक आहेस. दगडावरचं शेवाळ बघितलंस का? पाण्यात ढग दिसतात. एवढं काम कुणी केलं आहे, त्याचं काहीतरी मोल ठेव. पडदा अर्धा होत नाही हे खरं, पण आता कुणीच एका पडद्यावर खेळत नाही. सगळे आपापल्या घरून खेळतात. जग तसं झालं, त्याला मी काय करू?

वाकण्याचं म्हणशील तर बटण चुकून दाबलं गेलं असेल. माझी बोटं जाड आहेत हे तूच सगळ्या पाहुण्यांना सांगत असतेस.

दिवाळीत रजेचं अवघड दिसतं आहे. नक्की नाही म्हणत नाही, पण धरून चालू नको. रविवारी मात्र न चुकता मशीन लावून बस, मी असेनच. वैदेही मजेत आहे, तुला नमस्कार सांगते.

लोभ आहेच, रागात थोडी सूट दे.

तुझा
विश्वजीत

---

मुकुंदवाडी
२४ सप्टेंबर २०२५

विश्वजीत,

घरात घट बसलेत, मला नऊ दिवसांचा उपास आहे, म्हणून थोडक्यात लिहिते आणि जास्त तापून लिहिते.

रविवारी जो माझ्याशी खेळला तो तू नव्हतास.

नाय म्हणू नको. तुला दुधाचे दात होते तेव्हापासून ओळखते. तू एक गोळी मारतोस आणि लगेच बंदूक भरायला बसतोस, मग त्या वेळात मी येऊन तुला उडवते. वर्षानुवर्षं तेच. हा गडी बंदूक पार रिकामी होईपर्यंत भरत नाय. तू सुरुवातीलाच डावीकडं पळतोस, खेळ कुठलाही असो. हा आधी थांबतो, बघतो, मग चालतो. आणि मी मुद्दाम परीक्षा घेतली. मोकळ्या मैदानात जाऊन बंदूक खाली घालून उभी राहिले. तो समोर आला आणि त्यानं गोळी मारली नाय. मी बंदूक उचलेपर्यंत वाट बघितली. तू असतास तर पाठीत घातली असतीस, सख्खा भाऊ आहेस माझा.

पण हा एवढा सरळ गडी, आणि वाकतो मात्र प्रत्येक वेळी. आता तर खेळ सुरू व्हायच्या आधीच माझ्यासमोर आला आणि एकदा सावकाश वाकला. मग मला धुतलं, आणि परत वाकला. तुझे दाजी शेजारी साबुदाणा खात बसले होते. ते म्हणाले की हा चिडवतोय असं वाटत नाय, देवळात आल्यासारखा वाकतोय. मी त्यांना म्हटलं तुम्ही साबुदाणा खा.

तर सरळ सांग, कोणाला बसवलंस तुझ्या नावावर? हाफिसातल्या कोण्या पोराला? रविवारी सकाळी मी गिरणी बंद ठेवते, पारूबाईची ज्वारी परत पाठवते, केस विंचरून टीव्हीसमोर बसते, का तर भाऊ भेटणार. आणि तू भाड्यानं शिपाई पाठवतोस. तुला माझ्याशी खेळायचंच नसलं तर तसं लिही. मला त्याचं वाईट वाटणार नाय असं नाय, पण निदान ज्वारी तरी दळून होईल.

या पत्राचं उत्तर दगडावरच्या शेवाळानं सुरू केलंस तर फाडून टाकीन.

आशाआक्का

---

पुणे
३० सप्टेंबर २०२५

ती. आक्का यांना वैदेहीचा नमस्कार. या वेळी कागदावर करते आहे, म्हणजे गैरसमज होणार नाही.

तो शिपाई मी आहे.

तुमचं हे दुसरं पत्र ह्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, पहिलं मला दाखवलंच नव्हतं. देवळात आल्यासारखा वाकतो, इथपर्यंत आले आणि चहाचा कप हातातून सुटला. इतके हसत होते की त्यांना बोलता येईना. मग त्यांनी मला सांगितलं की त्या खेळात पडलेल्या माणसापाशी वाकणं म्हणजे काय असतं. आक्का, मला खरंच ठाऊक नव्हतं. तुम्ही मोठ्या, त्यात नणंद. समोर आलात तर नमस्कार केल्याशिवाय बंदूक कशी चालवायची? मी बटणं शोधली, हात जोडायचं एकही नव्हतं. खाली वाकायचं तेवढं सापडलं. तुम्हाला पाडल्यावर तर मला इतकं अवघडायचं की मी दोन-चार वेळा करायची. बन्सीदाजींना माझा खास नमस्कार सांगा, त्यांनी बरोबर ओळखलं.

आता बाकीचंही सांगून टाकते, कारण हे सांगणार नाहीत. पाचवा भाग आला त्या संध्याकाळीच ह्यांनी तो बंद करून ठेवला. म्हणाले, हा आमचा किल्लाच नाही. पण तुम्हाला स्वतःच पाठवला होता, मग तोंड कसं दाखवणार? शेवाळाचं कौतुक त्यातूनच आलं. शेवाळ मलाही आवडलं नाही.

आणि रजा मिळते आहे. रजेच्या सबबीमागचं खरं कारण मी आहे. मागच्या भाऊबीजेला तुम्ही दोघं खेळत होता आणि मी मागं भिंतीला टेकून बसले होते. मला भाऊ नाही, म्हणून तो दिवस मला तसाही रिकामाच जातो. वाटलं होतं कुणीतरी म्हणेल, घे, एक डाव खेळ. कुणी म्हटलं नाही. परतताना गाडीत मी रडले आणि म्हटलं की पुढच्या वर्षी तुम्ही एकटे जा. ते एकटे यायला तयार नाहीत आणि त्यांच्यानं तुम्हाला कारणही सांगवत नाही.

पण मग मलाच चैन पडेना. त्या खेळात एवढं आहे तरी काय, म्हणून मी पहिल्या भागापासून शिकले. अंधारीत मीही घाबरले. ह्यांचा शर्ट धरून बसले होते. रविवारी तुमच्याशी खेळते तेव्हा मी आदल्या दिवशीच भाजी चिरून ठेवते. नाव ह्यांचं लावलं, कारण माझं दिसलं असतं तर तुम्ही खेळला असता की नाही, मला खात्री नव्हती.

रागावला असाल तर तसं कळवा. लोभ मागायचा धीर होत नाही, पण जागा ठेवते.

आपली
वैदेही

---

मुकुंदवाडी
६ ऑक्टोबर २०२५, कोजागिरी

वैदेही,

अनेक आशीर्वाद. हे आशीर्वाद मी आधी देतेय, विश्वजीतला दाखव.

तुझं पत्र गिरणीत उभ्यानं वाचलं. गिरणी चालू होती, पारूबाई समोर बसली होती, आणि मी हसता हसता तिच्या ज्वारीसाठी गिरणीचा दगड आवळायचा विसरले. तिचं पीठ रव्यासारखं निघालं. ती म्हणाली याची भाकरी व्हायची नाय. मी म्हटलं बाई, माझी भावजय मला मारायच्या आधी पाया पडते, तुझी पडते का? तिनं पीठ निमूट घेतलं. आता ती गल्लीभर सांगत फिरतेय. तुझे दाजी तर उठता बसता माझ्यासमोर वाकतात, चहा मागतानासुद्धा. त्यांचं बरोबर निघालं म्हणून त्यांना फार चढलंय.

आता कामाचं. तू भिंतीला टेकून बसलीस ते मला दिसलं नाय. मी वरच्या अर्ध्यात होते, आणि पडद्याच्या बाहेर बघायची मला सवय नाय. पण तुला तोंड होतं ना? इथं कोण कोणाला ताट वाढून देतं? आक्का, सरका, एवढं म्हणायचं होतंस. मी सरकले असते. कुरकुरले असते, पण सरकले असते. गादी मोठी आहे. रिमोट हातातून ओढून घेतला असतास तर मला तू त्याच दिवशी आवडली असतीस. मी उगाच समजत होते, शिकलेली पोरगी, गप बसते म्हणजे आपल्याला हसते. आणि तू तिकडं शनिवारी भाजी चिरतेस.

नेम चांगला आहे तुझा. हे मी विश्वजीतला कधी म्हटलं नाय.

तो पाचवा भाग मी डब्यात घालून माळ्यावर टाकला. माळ्यावरून जुनं मशीन खाली काढलं. तुझ्या दाजींनी त्यातलं पीठ फुंकून काढलं, माऊलीनं वायर डकवली, आणि दुसरा भाग लावून बघितला. चालतो. अंधारी काळीकुट्ट आहे, एक बाण नाय. दुसऱ्या भागात पडद्याचे चार तुकडे होतात. एक माझा, एक तुझा, एक विश्वजीतचा. चौथ्यात तुझ्या दाजींना बसवते, ते जागचे हलत नाहीत, मारायला बरे. हरेल त्यानं उष्टी काढायची हा नेम तुलाही लागू आहे, नवी म्हणून सूट नाय. आणि एक लक्षात ठेव, घरात पाया पडायचं तेवढं दारात पड. खेळात परत वाकलीस तर मी त्याच वेळी गोळी घालीन, आणि ती तुझी चूक धरली जाईल.

विश्वजीतला सांग, आक्का बोलायला लागली, पण आधी तुझ्याशी. त्याला ओवाळीन, पण शेवाळाबद्दल त्याला माझ्याकडून वेगळं ऐकायचंय.

मी करंज्यांचं सारण किती करायचं ते तुम्ही किती माणसं येता त्यावर आहे. तेव्हा वसुबारसेच्या आत मला उत्तर पाहिजे, विश्वजीतचं नाय, तुझ्या हाताचं. दोघं येताय ना, आणि तू कोणत्या रंगाचा शिपाई घेणार ते लिही. लाल मागू नको, लाल माझा आहे.

तुझी
आशाआक्का