ठोक्याच्या आधी

२ सप्टेंबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी घसा फोडायचा आणि तुम्ही मामींना विचारायचं की कोण बोलतंय, त्यापेक्षा पत्रच बरं. दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासून घरी आले की मी मेंडोलिन घेऊन बसते. चार चाली अगदी माझ्या स्वतःच्या जमल्यात. मालकांनी दुकानातला जुना कॉम्प्युटर मला देऊन टाकला, तेव्हा वाटलं, घरीच ध्वनिमुद्रण करावं. पण पडद्यावर इतकी बटणं आहेत की विमान चालवायचंय की काय! एकतीस वर्षं तुम्ही रेडिओ केंद्रावर लोकांचे आवाज टिपलेत. कान रुसले म्हणून विद्या थोडीच रुसली असेल? कुठून सुरुवात करू ते लिहा. मामींना नमस्कार.

तुमच्या उत्तराच्या वाटेवर डोळे लावून बसलेली,
टिटवी

९ सप्टेंबर

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

महागड्या वस्तूंच्या नादी लागू नकोस. एक बरा माइक, तो कॉम्प्युटरला जोडणारी छोटी पेटी आणि कान पुरते झाकणारा हेडफोन, बास. खोली घुमत असेल तर रजयांचं कपाट उघडून त्याच्यासमोर बस, रजया आवाज पिऊन टाकतात. माइक वाद्यापासून वीतभर लांब. पडद्यावरची आवाज मोजणारी पट्टी हिरवी राहू दे. लाल झाली की सूर फाटला समज. हेडफोनमध्ये ठेका लाव, त्यावर एक पदर वाजव, मग तो ऐकत दुसरा.

आणि सगळ्यात आधी, काहीही न वाजवता, रिकामी खोली मिनिटभर टिप. प्रत्येक खोलीला तिचा आवाज असतो. मला ऐकू येणार नाही, पण पडद्यावरचं लाटांचं चित्र छापून पाठव. डोळे अजून शाबूत आहेत. मामी म्हणते, भाचीचं वाजवणं ऐकू न येणं हेही एक सुखच. तिच्याकडे दुर्लक्ष कर, मीही करतो.

तुझा मामा

२१ सप्टेंबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. पहिली चाल झाली, पण त्यात माझं नसलेलं काहीतरी आहे. टक्, टक्, असं कुणीतरी बोटाच्या पेराने भिंतीवर वाजवावं तसं. वाजवताना कळत नाही, कारण कानांवर हेडफोन असतो. मागून ऐकताना येतं. भिंतीपलीकडे एक निवृत्त परिचारिका एकट्या राहतात, सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणतात. वाटलं, माझ्या कटकटीला वैतागून ठोकत असतील. माफी मागायला गेले तर त्या हसल्या. म्हणाल्या की त्या भिंतीला त्यांचं लोखंडी कपाट टेकलंय, हात घालायलाही जागा नाही. उलट माझ्या वाजवण्याची त्या वाट बघतात.

चित्र सोबत आहे. टक् आहे तिथे पेन्सिलीने फुली केलीय. माझंच काही चुकत असेल तर रागवा, पण लवकर रागवा.

टिटवी

२९ सप्टेंबर

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मोजपट्टी लावून तुझ्या फुल्या मोजल्या. हेडफोनमधला ठेका बाहेर झिरपून माइकमध्ये शिरतो, तसं असेल असं आधी वाटलं. पण झिरपलेला आवाज नंतर येतो. मशीन उशीर करतं, घाई करत नाही. तुझी प्रत्येक फुली ठोक्याच्या केसभर आधी आहे. तिसऱ्या ओळीत तू लय चुकलीस, तिथे तर टक् तुझ्या चुकीच्याही आधी आहे. पुढे काय होणार ते जणू ठाऊक असल्यासारखं.

मोजणी तीनदा केली. मामीला सांगितलं नाही, तरी माझं तोंड बघून तिने तुझ्यासाठी खाट झाडून ठेवलीय. चार दिवस ये. लाजू नकोस.

तुझा मामा

६ ऑक्टोबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

यायला निघणारच होते, पण मध्येच हे घडलं. शनिवारी भर दुपारी वाजवून झालं. हेडफोन काढला, ध्वनिमुद्रण थांबवायचं विसरले. खोलीत चिडीचूप, आणि पडद्यावरची हिरवी पट्टी उड्या मारतेय. तीन उड्या, मग थांबून पुन्हा तीन. भिंतीला कान लावला, काही नाही. हेडफोन परत घातला, तर टक् टक् टक्, इतकं जोरात की मी हेडफोन फेकून दिला.

कशी पळाले ते मलाच ठाऊक. सिस्टरबाईंचं दार बडवलं, आतून काहीच हालचाल नाही. रखवालदार आधी ऐकेना, म्हणाला की लोकांची दारं अशी उघडता येत नाहीत. मी म्हटलं, बाई मेल्यावर उघडशील का? मग किल्ली आणली. सिस्टरबाई स्वयंपाकघरात पडलेल्या, आदल्या दुपारपासून. डावं अंग लुळं, वाचा गेलेली, डोळे मात्र उघडे. डॉक्टर म्हणाले की संध्याकाळ उलटली असती तर हाती काही लागलं नसतं.

मामा, स्वयंपाकघर त्या घराच्या दुसऱ्या टोकाला आहे. कपाट भिंतीला जसंच्या तसं टेकलेलं होतं.

टिटवी

१३ ऑक्टोबर

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू शहाण्यासारखी वागलीस. मामी दोनदा रडली आणि आता रखवालदाराला शिव्या देतेय. बाईंना बोलता येऊ लागलं की विचार. विचारवत नसेल तर राहू दे.

तुझा मामा

२८ ऑक्टोबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. दवाखान्यात सिस्टरबाईंचे शब्द अजून अडखळतात, पण अर्थ लागतो. त्या म्हणाल्या, बोटही हलत नव्हतं, ठोकणार कशाने? पण रात्रभर ते ऐकू येत होतं, आणि भीती वाटली नाही, कारण हात ओळखीचा होता. पहिल्या दिवसापासून त्या आम्हा दोघांना ऐकत आल्यात: मी वाजवणारी आणि दुसरं कुणी ठेका धरणारं, जरा उतावळं. ते माणूस आज भेटायला का नाही आलं, असं त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की मी एकटी राहते.

मग चांगल्या हाताने माझी बोटं दाबून म्हणाल्या की मग ठेका धरणाऱ्यांना माझा निरोप सांग, ऐकू आलं म्हणावं.

घरी येऊन दिवा लावला, माइक चालू केला. मेंडोलिन उचललं नाही. रिकाम्या खोलीला निरोप सांगितला. पट्टी माझ्या शब्दांबरोबर चढली आणि खाली बसली. मी थांबले. मग ती एकदाच, हळू, हलली.

चित्र छापलेलं नाही. मागू नका. रविवारी येते, मामींना खाट तशीच राहू द्या म्हणावं. तुमची माया आहेच, ती माझ्या येण्यापर्यंत पुरवून ठेवा.

तुमची टिटवी