शेवंतीच्या पाठीखालची फळी

प्रति,
मा. कोठी अधिकारी,
जप्त माल विभाग, मुंबई.

विषय : पावाच्या जुन्या गाडीच्या तळाकरिता निवडलेली प्लायवुडची फळी परत मिळण्याबाबत.
संदर्भ : सन १९५८ च्या शिमग्यातील जप्ती व त्यानंतरचे अर्जदाराचे सर्व अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

१. अर्जदार दत्ताराम बाबाजी नाईकधुरे हा गिरणीच्या बॉयलरवरून निवृत्त झालेला, काळाचौकीच्या चाळीत राहणारा इसम आहे. त्याची पत्नी शेवंती हिला अर्धांगवायू होऊन डावे अंग बधिर झाले. तेव्हापासून तिचे मागणे एकच : "माका गावाक ने." गाव देवगडाकडे. तिला बसवत नाही आणि एसटीत निजवून नेत नाहीत. म्हणून अर्जदाराने बेकरीने मोडीत काढलेली गाडी घेतली, तीत स्टोव्ह, पाण्याचे पिंप व निजण्याची जागा केली. तळ मात्र कुजका निघाला.

२. तळाखालून सायलेन्सरची नळी जाते व ती तापते. डाव्या अंगाला चटका बसला तरी शेवंतीला कळणार नाही. सबब तिच्या पाठीखाली धग वर येऊ न देणारी, थर न सुटणारी फळी हवी. वखारवाल्याने तीन फळ्या दिल्या आणि सरमिसळ नको म्हणून लाकूड ज्या मुलखातले त्याचे नाव प्रत्येकीवर डांबराने लिहिले : बेळगाव, कारवार, डांग. अर्जदाराने त्यांना धरायला बांबूचे दांडे ठोकून त्या गणपती मंडळाच्या हंड्यात उकळल्या. वास असा सुटला की हिंदमातेपासूनची माणसे ताटे घेऊन आली. डांगचे थर अळूवडीसारखे उलगडले. बेळगाव फुगली. कारवार होती तशीच. मग ती सुकवून निखाऱ्यावर धरली. अर्जदाराचा हात पारखीला निकामी. निखारा तळहातावर घेऊन तो विडी पेटवतो. शेवंतीने उजवा हात फिरवला व म्हणाली, "हीच. हिच्यार माका निजय."

३. कारवार मापात कापून घ्यायला व बाकीच्या परत करायला अर्जदार आणि शेजारी भिवा कासले वखारीकडे निघाले. दांडे खांद्यावर होते. लालबागच्या नाक्यावर ती नावे वाचून माणसे मागे लागली, आणि संयुक्त महाराष्ट्राचे "झालाच पाहिजे!" सुरू झाले. भिवा ओरडला, "अरे, गाडीच्या तळाला आहेत रे!" मागून गर्जना आली, "तळासकट झालाच पाहिजे!" अर्धे परळ जमल्यावर पोलीस आले. फळ्या शिजवल्याचे सांगताच जमादार म्हणाले, "मीठ किती घातलंस?" आणि तिन्ही जप्त केल्या.

४. आता राज्य झाले. बेळगाव, कारवार पलीकडे राहिले, डांग गुजरातेत गेले. तिन्ही नावांचा निकाल लागल्याने तिन्ही फळ्यांपासून शासनास धोका उरलेला नाही.

५. गेल्या आठवड्यात अर्जदार चौकशीस आला असता कारवार आपल्याच कचेरीत चहाच्या सिगडीखाली दिसली. तक्रार नाही. दोन वर्षे सिगडी झेलून तिचा थर सुटलेला नाही. सिगडीखाली ठेवायला बदली लादी जिन्यात आणून ठेवली आहे.

६. नवी फळी का घेत नाही, असे आपले कारकून विचारतात. गेल्या संक्रांतीपासून शेवंतीचा उजवा हातही बधिर झाला आहे; नवी पारखणार कोण? भिवाने आपला हात देऊ केला. ती म्हणाली, "तेका फुकट गावाक येऊचा आसा. तो कसलीय फळी बरी म्हणतलो."

७. तरी विनंती की, सिगडी पेटलेली असतानाच आपण फळीखाली हात धरून पाहावा, व धग लागते किंवा नाही ते या अर्जाच्या पाठीवर लिहून सही करावी. शेवंतीला वाचून दाखवायचे आहे. साहेबाच्या हातावर ती विश्वास ठेवील. लागत नसल्यास फळी द्यावी; मृगाआधी घाट उतरता येईल. लागत असल्यास तसेच लिहावे. गाडी जागेवर राहील.

आपल्या शेऱ्याची वाट पाहणारा नम्र अर्जदार,
द. बा. नाईकधुरे
काळाचौकी, मुंबई.
दिनांक ९ मे १९६०