आरपार दगड

मंगळवार, तारीख बारा

दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, आईच्या पायांवर डोकं. पत्रात आधी खुशाली लिहायची असते म्हणून लिहितो. हात-पाय शाबूत आहेत, जेवण दोन वेळा मिळतं. अक्षर समजून घे, मला शाळेपेक्षा छिन्नीच जास्त चालवता येते.

तुझं पत्र मिळालं. तू बंदरावर मुकादम झालास हे वाचून आनंद व्हायला हवा होता. पुढे लिहिलं आहेस, "आपलं राज्य समुद्रापार गेलं, घराघरात तिकडची साखर आली, आणि तू अजून नदीच्या भिंतीचंच रडगाणं गातोस." बरं. गातो. पूर यायच्या आत भिंत ठोकून पाहिलीस का, हे मी तीन पत्रांत विचारलं. तू साखरेबद्दलच लिहितोस.

इकडचं सांगतो. आम्ही किल्ल्याची तटबंदी वाढवतोय. पहिलीची उंची पुरेना म्हणून दुसरी, आता तिच्याबाहेर तिसरी. दिवस मावळला की दरवाजे बंद. गाव आपण जिंकलंय, पण आपल्यातला एकही जण साधी भाजी आणायला एकटा जाऊ शकत नाही. माझ्या जोडीला इथलाच एक म्हातारा गवंडी आहे. तोंडात दात नाहीत म्हणून सगळे त्याला बोळक्या म्हणतात. आपली भाषा शिकलाय, त्यातही शिव्या आधी. परवा मला म्हणाला, "कोंडलंय कुणी कुणाला, ते एकदा ठरवा रे बाबांनो."

इथल्या खाणीतल्या लोकांनी काम टाकलं, म्हणून दगड आता तिकडून, तुझ्या बंदरावरून येतो. साखर न्यायला निघालेलं जहाज इकडे येताना रिकामं असतं, लाटांवर डुलतं, म्हणून त्याच्या तळाला वजन भरतात. हे मी तुला काय सांगतोय, तुझंच काम ते.

शनिवारी जहाज आलं. दगड घडीव होते, लांबट, कडेला जुना चुना चिकटलेला. बोळक्याने एक उलटा केला, अंगठ्याने माती पुसली आणि हसायला लागला. "तुमच्याकडे दगडांनापण फौजेत भरती करतात काय?"

मी वाकून पाहिलं. दगडाच्या खालच्या अंगावर कोंबडीच्या पावलासारख्या तीन रेघा.

आपल्या आबांची खूण, दादा. भिंतीत गेल्यावर कुणाला दिसणार नाही अशी. बाहेर दिसते ती बढाई, असं म्हणायचे. नदीची भिंत बांधताना सगळ्या दगडांवर नाही करायचे. फक्त आरपार दगडांवर, भिंतीची दोन्ही अंगं एकमेकांना धरून ठेवतात त्यांच्यावर. मी उरलेले उलटे करत सुटलो. एक, दुसरा, मग ढीगच. इथला मुकादम ओरडला, "दगड ओळखीचा निघाला म्हणून काम थांबतं होय?" नाही थांबत. दुपारपर्यंत त्यातले निम्मे मीच तिसऱ्या तटात बसवले.

आधी वाटलं, चोरांनी काढले असतील. पण चोर दिसेल तो दगड ओढतो आणि भिंत त्याच्याच अंगावर येते. आरपार दगड नेमके ओळखून काढायचे, मागे दगडमाती कोंबायची, वरून चुना मारायचा, म्हणजे भिंत उभी दिसते आणि आतून मोकळी होते. हे आबांनी फक्त दोघांना शिकवलं होतं. दुरुस्तीसाठी. त्यातला एक मी, आणि मी इथे आहे.

तू काढलेस का, असं विचारत नाही. विचारलं तर तू पुन्हा साखरेबद्दल लिहिशील.

तुला वाटलं असेल, एवढी मोठी भिंत, दहा-वीस दगडांनी काय होतंय. वरच्यांनी मागितले, राज्याचं काम आहे म्हणाले, तूही मान डोलावलीस. पण त्या भिंतीच्या पायथ्याशी आपलं घर आहे. आई खिडकीपाशी झोपते. हे दगड परत येणार नाहीत. परतीच्या जहाजांत जागा नसते, ती साखरेने भरलेली असतात.

आता ऐक. आबांसारखंच कर. तू नदीच्या अंगाने हातोडा मार, वहिनीला घराच्या अंगाने कान लावायला सांग. तिला खोटं सांगू नकोस, कशासाठी ते सांग. जिथे रिकाम्या घागरीसारखं वाजेल तिथे खूण कर, पण आईला त्याआधी टेकडीवर मावशीकडे नेऊन सोड. शेजाऱ्यांनाही सांग. लाज वाटेल. वाटू दे.

मी रजा मागितली, मिळाली नाही. हे पत्र खलाशाच्या हाती देतोय. त्याच्या मागून निघणाऱ्या जहाजावर पोती चढवायला जाणार आहे आणि उतरणार नाही. बोळक्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "जा. तुझ्या जागी मी दोन दगड जास्त लावतो, पण वाकडे." पकडला गेलो तर फौजेच्या कामावरून पळाला म्हणून माझं नाव लागेल. पोचलो, तर तुझ्या दारात उभा राहीन, आणि तेव्हा तुझ्या हातात हातोडा दिसला पाहिजे.

आपण दोघं आबांचे आरपार दगड. एक आधीच निघून इकडे आलाय.

अजून तरी तुझाच,
धाकटा