जावयाचा डावा अंगठा

१८ मे, सोमवार

वस्तुस्थिती क्रमाने लिहून ठेवते. पुढे "मला कुणी सांगितलंच नाही" असे म्हणण्याची सोय कुणालाही राहू नये.

एक : माझे यजमान सुधाकर (यापुढे सु.) यांना मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली.
दोन : त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला नव्या चपलेने झालेली जखम होळीपासून भरलेली नाही.
तीन : आज डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत सांगितले की इन्सुलिन सुरू करा, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. सु. उत्तरले, "आधी घरची डॉक्टरीण वापरून बघतो." डॉक्टर हसले नाहीत. पुढची तपासणी ८ जूनला.
चार : घरची डॉक्टरीण म्हणजे मी. पीएच.डी., आहारशास्त्र. आयुष्यभर परभणीत हाच विषय शिकवला.
पाच : कालपासून अधिक महिना लागला.

पाचवा मुद्दा सर्वांत घातक. सायंकाळी वालूरहून आईचा फोन. "मालते, एकतीसला रविवार हाय. जावईबापूंना धोंडे जेवायला घेऊन ये. पुढचा अधिक तीन सालानं. मी असंल का न्हाई."

या वाक्यावर युक्तिवाद चालत नाही, हे तिला पक्के ठाऊक आहे.

२० मे, बुधवार

उ.पो. १९२. (उपाशीपोटी साखर. डॉक्टरांकडचा तक्ता भरताना हीच खूण वापरते.)

आजपासून शिस्त. अर्धे ताट भाज्या. मूठभर मटकी किंवा मूग. एक भाकरी, ज्वारीची, वजन करून. आधी काकडी-कांदा, मग भाजी-उसळ, भाकरी सर्वांत शेवटी. जवसाची चटणी चालेल, तेल मी घालीन तेवढेच.

पहिल्याच जेवणात तंटा. "ज्वारी शुगरला चालते की." चालते, म्हणजे चार चालतात असे नव्हे! इतक्या वर्षांच्या संसारात ज्यांना 'चालते' आणि 'हवे तितके' यांतला फरक कळला नाही, त्यांना मी काय शिकवावे?

तराजू पाहून म्हणाले, "सोनाराकडं जेवायला बसल्यासारखं वाटायलंय."

विनोद बरा होता. भाकरी दिली नाही.

२३ मे, शनिवार

आईला फोन करून तीन अटी घातल्या. पुरण नको. आमरस नको. पाय धुणे नको.

पहिल्या दोन अटींवर तिने मला बोलू दिले. तिसऱ्यावर, "का गं? पाय का न्हाई धुवायचे?"

"उन्हाने भेगा पडल्यात" असे सांगितले. जखमेचे वालूरला कळू द्यायचे नाही, असा सु. यांचा हट्ट. आणि खरे तर माझाही. तिच्या दृष्टीने मी साखरेची मोठी जाणकार. माझ्याच घरात जखम चिघळते, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

मागून दादाचा आवाज : "मालते, साखर टाकतच न्हाईत गं आमी. समदं गुळाचं हाय. गूळ चालतोय."

गूळ चालत नाही. गूळ साखरच आहे. हे मी शेकडो वेळा बोलले आहे, लिहिले आहे, फळ्यावर काढून दाखवले आहे. सख्खा भाऊ!

२७ मे, बुधवार

उ.पो. १८४. ऊन असह्य.

स्वतःच धोंडे करून न्यावेत असे ठरवले, म्हणजे आईची रीत राहील आणि अंगठाही. ज्वारीच्या पिठाची पारी, आत शिजवलेली हरभरा डाळ, वेलदोडा, जायफळ, किंचित मीठ. गोडवा शून्य. वाफवून. पारी तीन वेळा तडकली, चौथ्यांदा गरम पाण्यात पीठ मळले तेव्हा जमली. पोषणाच्या दृष्टीने निर्दोष पदार्थ.

सु. यांनी एक खाल्ला. बराच वेळ चावत होते. "डॉक्टरीणबाई, यात काय कमी आहे सांगू? सासुरवाडी."

मी विचारले, म्हणजे नेमके काय? म्हणाले, "जाऊ दे."

अर्धवट वाक्य टाकून उठून जायचे, ही यांची जुनी...

३१ मे, रविवार

वालूर. घडले ते क्रमाने.

माझा डबा आईने उघडला, एक धोंडा मोडला, जिभेवर ठेवला. "ह्येला धोंडा म्हणायचं? मालते, ह्यो शत्रूला बी देऊ न्हाई." वहिनीने उरलेले गाईपुढे ठेवले. गाईने हुंगून मान फिरवली. दादा पोट धरून हसला. सु. सर्वांत जास्त.

मग पाट. मी अटीची आठवण दिली. वहिनी म्हणाली, "पाणी नुस्तं दाखवते ताई, बोटाला लावते." सु. उजवा पाय परातीत ठेवून बसले, डावा मोज्यासकट धोतराआड.

आई दारात खुर्चीवर होती. गुडघ्यांमुळे ती उठत नाही. ती उठली.

"डावा कुठं हाय जावईबापू?"

"आहे की आत्याबाई. जागेवरच आहे."

"मग दावा."

ती खाली बसली. मोजा तिनेच काढला. पट्टी कडेने ओली होती, नखाजवळ काळपट. दादाने मान खाली घातली. आईने डाव्या पायाला पाणी लागू दिले नाही. तो पाय मांडीवर घेतला, उजवा धुतला, आपल्या पदराने पुसला. मग माझ्याकडे पाहून :

"कधीपसून हाय?"

मी वाकून पट्टीची सुटलेली कड दाबून बसवली.

"यवढी शिकलीस. आन् मला भेगा सांगतीस."



पाटापुढे ताट वाढलेले होते. तुपातले धोंडे, आमरस, कुरडया. ते तिने सरकवले आणि चुलीजवळ झाकलेले स्वतःचे ताट मागवले : एक भाकरी, अंबाडीची भाजी, मुगाचे वरण, कांदा. "मी खाते त्येच खावा आज." तेहेतीस अनारशांचे वाण मात्र दिवा लावून, रीतीप्रमाणे त्यांच्या हातात दिले.

सु. यांनी ते ताट संपवले. एकही विनोद न करता.

परतताना मोटारीत : एसी बंद करा म्हटले, केला. सुरू करा म्हटले, केला.

१ जून, सोमवार

उ.पो. १७१.

सकाळी चहा देताना मी म्हटले, आईने शेवटी योग्य तेच केले. सु. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "हो. योग्यच. पण तिथं मी जावई होतो. एवढ्या एका घरात माझं ताट कुणी मोजत नव्हतं. काल तिथंही पेशंट झालो."

मी म्हटले, हा भावनेचा प्रश्न नाही.

म्हणाले, "नाही. अंगठ्याचा आहे."

आणि उठले. अनारशांचा डबा कुणाला देऊन टाकू, असे विचारले. "वाण आहे, घरात राहू दे, हात लावणार नाही" असे म्हणाले. विश्वास ठेवला नाही. डबा फडताळात वरच्या कप्प्यात ठेवला.

४ जून, गुरुवार

उ.पो. १५८. जे.नं. (जेवणानंतर) हीसुद्धा बरी.

डबा पाहिला. अनारसे तेहेतीसच आहेत.

मी वाढते ते खातात. तराजू काढत नाही, तरी एकच भाकरी. दोडक्याची भाजी आज मुद्दाम फिकी केली, काही बोलतात का पाहण्यासाठी. खाल्ली. कारल्यावर पूर्वी निदान भाषण तरी व्हायचे. ज्या आज्ञाधारकपणासाठी मी दोन आठवडे घसा फोडला, तो आता समोर बसून मुकाट घास चावतो आहे आणि माझ्याच्याने तो बघवत नाही. हे शास्त्रीय विधान नव्हे. तरी लिहिले.

आईचा फोन. "जेवत्यात का बापू?" जेवतात म्हटले. "बोलत्यात का?" मी विषय बदलला. "बोलत न्हाईत म्हण की. त्येंच्या पानात लोणच्याची फोड वाढ गं कडंला. पोरगं हाय का ते, मुकं मुकं जेवायला?"

लोणच्यातल्या मिठाबद्दल मी तिला काहीच सुनावले नाही. प्रथमच.

५ जून, शुक्रवार

फोड वाढली. लहान. सु. यांनी ती पाहिली, मला पाहिले, खाल्ली. "कुणाच्या परवानगीनं?" एवढेच. पुढे पुन्हा तेच.

इन्सुलिनचे काय ठरवले, असे विचारले. "बघू."

७ जून, रविवार

उ.पो. १४९. आहाराने जेवढे होणे शक्य होते तेवढे झाले. पट्टी मी बदलली. काळपटपणा कमी नाही. साखर उतरते आहे आणि जखम भरत नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. एवढे मला कळते, आणि त्यापुढे माझे स्वयंपाकघर संपते.

उद्या सकाळी डॉक्टर. आज तीनदा विचारले. तीनदा "बघू".

म्हणून आजची नोंद माझ्यासाठी नाही. सु., हे पान जेवणाच्या टेबलावर उघडे ठेवते आहे. वर अनारशांचा डबा, वाऱ्याने उडू नये म्हणून.

तुमच्याकडून पुढील गोष्टींचा खुलासा हवा आहे :

इन्सुलिन घेणार की नाही. उद्या येणार असाल तर स्वतःच्या इच्छेने, की वाढले म्हणून खाल्ले तसे, सांगितले म्हणून. आणि २७ मेला माझ्या धोंड्यात 'सासुरवाडी' कमी आहे असे म्हणालात, ती नेमकी कशाने येते. येत असल्यास मला करून बघायची आहे.

तोंडी उत्तर चालणार नाही. तोंडाने तुम्ही आधी फक्त विनोद करायचात, आता फक्त जेवता. विनोद लिहिलात तरी हरकत नाही. पण उद्या घरातून निघण्यापूर्वी, याच पानावर, खालच्या मोकळ्या जागेत, लेखी उत्तर द्यावे.