मागची सतरंजी

५ जानेवारी १९७८, गुरुवार
आज महिन्याचा पहिला गुरुवार, म्हणजे प्रभुभोजन: मंडळी आमच्या पुढच्या खोलीत जमते आणि येशूच्या आठवणीत एक भाकर वाटून खाते. पिंपरीत वीज गुरुवारी बंद, म्हणून कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून आमचा रविवारही गुरुवारीच येतो. देवाला चालत असावं, इतकी वर्षं काही बोलला नाही.

सोनाबाईंना ह्यांनी मागच्या सतरंजीवर बसवलं. नळावर हंड्यावरून जावेशी वाजलं होतं, बोलणं बंद आहे. हे मंडळीचे पाळक, नियमही ह्यांचाच: ज्याचं कुणाशी बोलणं बंद, त्यानं मिटवून यावं, तोवर दाराशी मागच्या सतरंजीवर बसावं, भाकर घेऊ नये. सोनाबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. म्हातारं माणूस. मी डोळ्यांनी खुणावलं, जाऊ द्या. नाही. नियम तो नियम.

आणि मग त्याच हातांनी भाकर मोडली. माझ्या घशाखाली उतरेना. शालूनं मंडळीबाहेरच्या मुलाशी लग्न करून घर सोडलं त्याला वर्ष होत आलं. लेकीचं नाव ह्या घरात निघत नाही, तिच्याशी ह्यांनी अक्षर बोलायचं नाही असं ठरवलंय, आणि हे पुढं टेबलापाशी उभे.

९ जानेवारी, सोम.
दवाखान्यात जाते म्हणून निघाले आणि पूल ओलांडून काळेवाडीला शालूकडं गेले. दर वेळी हेच कारण. आता ह्यांना वाटत असेल मला केवढा मोठा आजार आहे.

शालूला दिवस गेलेत ते आता चांगलंच दिसायला लागलंय. जावई, मिलिंद, दुसऱ्या शिफ्टला गेलेला. एकच खोली, पण लख्ख. फळीवर बुद्धाची लहान मूर्ती आणि शेजारीच शालूचं पवित्र शास्त्र, वाचून वाचून कडा मऊ झालेलं. मिलिंदच्या घरचे बौद्ध, पण तिला कुणी अडवत नाही म्हणाली.

निघताना विचारलं, "बाबा अजून मागची सतरंजी टाकतात?"
"ते कुठले टाकतात? टाकते मी, हुकूम त्यांचा."
हसली. मग फळीवरचं शास्त्र उगाच सरळ करून ठेवलं. मला चहा गरम गरमच प्यावा लागला, नाहीतर रडले असते.

१४ जानेवारी, शनि.
शेजारच्या काकूंनी तिळगूळ आणला. ह्यांच्या हातावर ठेवून म्हणाल्या, गोड बोला. "बोलतोच की," म्हणाले हे, आणि खाल्ला.
मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. काकूंना वाटलं मांजर शिरलं.

१९ जानेवारी, गुरु.
उपदेशाचा विषय: पाळकाचं घर देवाच्या आज्ञेत असावं. मला आधी कळलं असतं तर पोट दुखतंय म्हणून निजले असते.

सगळ्यांसमोर म्हणाले, माझ्या घरात आज्ञा मोडली गेली तेव्हा मी माझी माया बाजूला ठेवली, देवाचं ऐकलं. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज काय, सगळ्यांना माहीत आहे. बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी उठून चहा ठेवायला आत गेले. चहाची वेळ नव्हती.

सगळे गेल्यावर म्हटलं, देवानं तुमच्या कानात येऊन सांगितलं का, लेकीशी बोलू नको म्हणून?
"हे भांडण नाही. ही शिस्त आहे. मी कुणाशी भांडलेलोच नाही."
"मग बोला की."
"तो विषय वेगळा आहे."
सोनाबाईंचा हंडा वेगळा नव्हता, आमची शालू तेवढी वेगळी.

ह्यांचं सगळं ढोंग आहे असंही म्हणवत नाही. आठवडाभर कंपनीत ग्राइंडिंगवर उभं राहून, सुट्टीच्या दिवशी लोकांची आजारपणं, मयत, भांडणं निस्तरतात, वर कसली अपेक्षा नाही. मंडळीनं डोक्यावर हात ठेवून पाळक केलं तेव्हा हे लहान मुलासारखे रडले होते. म्हणूनच जास्त राग येतो. वाईट माणूस असता तर सोडून दिलं असतं.

२ फेब्रुवारी, गुरु.
आजचं आजच लिहून ठेवते.

प्रभुभोजन चालू झालं. पहिलं गीत संपलं आणि दारात शालू. जांभळी साडी, जड पावलं. कुणाकडं पाहिलं नाही. सोनाबाईंचं अजून मिटलं नव्हतं, त्या मागच्या सतरंजीवर होत्याच. शालू त्यांच्याशेजारी भिंतीचा आधार घेत बसली. डोक्यावर पदर घेतला, मान खाली.

बस्स. एवढंच.

ह्यांनी पाहिलं. मी ह्यांना पाहताना पाहिलं. प्रार्थना तीच केली, वाक्यं तीच, पण आवाज जिन्यावरून उतरल्यासारखा खाली खाली. पेला उचलताना द्राक्षाचा रस पांढऱ्या कापडावर सांडला. भाकर पुढच्या सगळ्यांना दिली. मलाही. मी घेतली. का घेतली ठाऊक नाही.

शेवटच्या प्रार्थनेला डोळे मिटले आणि उघडले तर शालू चपला घालत होती. मी दारापर्यंत धावले.
"अगं, असं का केलंस?"
"मी नियमच पाळला ना, आई. माझं एका माणसाशी बोलणं बंद आहे."

४ फेब्रु., शनि.
सोनाबाई जावेला घेऊनच आल्या. दोघी एकमेकींना चिमटे काढत हसत होत्या. म्हणाल्या, "तुमची लेक माज्याशेजारी बसली आन मला लाज वाटली बाई. तिचं मिटवाया पुढनं मानूस उठंना, माजं तर नुसतं हंड्यावरनं व्हतं."
हे आतल्या खोलीत होते. ऐकलं असणार, आमच्या भिंती काय भिंती आहेत.

८ फेब्रु., बुध.
हे म्हणतात, शालू मला लाजवायला आली. म्हटलं, ती मागं बसायला आली, लाज तुमची तुम्हाला वाटली.
ताटावरून उठले. कंपनीत आज ह्यांनी घासलेला जॉब तपासणीत रिजेक्ट झाला, असं कधी होत नाही. घरात नुसते येरझाऱ्या घालतात. त्यांचं बघून मलाही बसवत नाही. एकाच डब्यातले तांदूळ दोनदा निवडले.

१६ फेब्रु., गुरु.
उपासना झाल्यावर दानिएलभाऊ थांबले. मंडळीत वयानं वडील, ह्यांच्याच कंपनीत स्टोअरला. टोपी हातात फिरवत म्हणाले, "पाळकसाहेब, लोक कुजबुजतात. नियम असेल तर सगळ्यांना असावा. नाहीतर ती सतरंजी काढा, राव. आपलं आधीसारखं चालू दे."
हे म्हणाले, "काढू."

आणि मी बोलले. मला स्वतःलाच खरं वाटत नाही. वर्षभर त्या सतरंजीला शिव्या घालतेय मी. म्हटलं, काढायची नाही. सोनाबाईंचं मिटलं ते त्या सतरंजीमुळं. पाटलांची दोन भावंडं एका ताटात जेवतात ती त्या सतरंजीमुळं. नियम बरोबर आहे. चुकतंय ते टेबलापाशी चुकतंय.

दानिएलभाऊंनी टोपी घातली आणि गेले.

मला वाटलं हे ओरडतील. नाही. शांतपणे म्हणाले, "तू काळेवाडीला जातेस ते मला कळत नाही होय? तुझा कुठला दवाखाना पुलापलीकडं आहे? वर्षभर माझ्याशी खोटं बोलतेस आणि पुढं बसून घास घेतेस."

ह्यांच्या डोळ्यातलं कुसळ दाखवत फिरले आणि स्वतःचं मुसळ पदराखाली.

२० फेब्रु., सोम.
काळेवाडीला गेले. सांगून गेले. "शालूकडं जाते," एवढंच म्हटलं. ह्यांनी पेपर खाली केला नाही, पण पानही उलटलं नाही.
जाताना पाय हलके होते, येताना जड. शालूला सातवा संपून आठवा सरत आलाय, पाय सुजलेत.

२ मार्च, गुरु.
सकाळी सतरंजी मीच झटकली, दाराशी टाकली, आणि मीच तिच्यावर बसले. खोटं बोलले होते ते ह्यांच्यापाशी कबूल झालंय, पण मनातून राग गेलेला नाही. जे आहे ते आहे. बायका वळून वळून बघत होत्या.

हे टेबलापाशी उभे. भाकरीवरचं कापड सारखं केलं. पुन्हा सारखं केलं. मग तिथून निघाले, लोकांच्या मधून वाट काढत मागं आले आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसले. गुडघा माझ्या गुडघ्याला लागला.

पुढं कुणीच नाही. नुसतं टेबल.

कुणीतरी दानिएलभाऊंना म्हणालं, तुम्ही वाटा. ते उठले, टेबलापाशी गेले, कापडाला हात लावला. तसेच उभे राहिले. मग तेही मागं आले. "माझाही एक साडू आहे," एवढंच म्हणाले. सतरंजी अपुरी पडली, ते जमिनीवरच बसले.

भाकर तशीच राहिली. सोनाबाईंनी एक गीत धरलं, तेही अर्ध्यात सुटलं. आज प्रभुभोजन झालं नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं.

३ मार्च, शुक्र.
भाकर वाळली. टाकू देत नाहीत, खाऊ देत नाहीत. "ती मंडळीची आहे." कापडाखाली तशीच फळीवर. येता जाता नजर तिथंच जाते, त्यांचीही, माझीही.

९ मार्च, गुरु.
इस्त्रीचा शर्ट घातला. सायकल बाहेर काढली, चाकात हवा भरली. मी विचारलं नाही. मनात म्हटलं, देवा, ह्यांची चेन पडू देऊ नको.

लगेचच परत.
"पुलापर्यंत गेलो."
मला हसूही आलं आणि डोक्यात तिडीकही गेली. म्हटलं, मग? पूल पडला होता?
खाटेवर बसले. म्हणाले, "गेलो तर तिनं केलं ते बरोबर होतं, असं मी म्हटल्यासारखं होईल."
"बरोबर म्हणा असं कोण सांगतंय? नुसतं बोला."
"काय बोलू?"

तासभर न थांबता उपदेश करणारा माणूस. काय बोलू म्हणतो. राग कुठं गेला कळलं नाही, जीव तुटला माझा. शेजारी बसले. मला वाटतं, देवाचं ऐकायला ह्यांना कधी जड गेलं नाही, जोवर देव ह्यांच्याच मनातलं सांगत होता. आता नको ते सांगतोय. माझंही तेच झालं होतं की.
पाणी दिलं.

१६ मार्च, गुरु.
उपासना मागं बसूनच घेतली. लोकांना माना वळवून ऐकावं लागलं. कुणी कुरकुर केली नाही.
दानिएलभाऊ चाकणला साडूकडं जाऊन आले म्हणे. साडूनं दार उघडलं, चहा दिला नाही. "पण दार उघडलं," म्हणाले, दोनदा.

२३ मार्च, गुरु.
दुपारी मिलिंद आला. आमच्या दारात पहिल्यांदा. घामानं भिजलेला, कंपनीचाच शर्ट अंगात. दारात हेच उभे.
"सलाम," म्हणाला. आमच्या ख्रिस्ती लोकांचा नमस्कार. शालूनं शिकवला असणार.
हे म्हणाले, "सलाम. आत या."
"नाही, थांबत नाही. आईंना न्यायला आलोय. शालूला दवाखान्यात नेलंय."

मी तशीच निघाले. मागं वळून पाहिलं तर हे दारातच.

मुलगी झाली. काळी कुळकुळीत, नाक थेट ह्यांचं. शालूला खूप त्रास झाला, पण आता बरी आहे.
घरी आले तेव्हा दिवा लावायचंही सुचलं नव्हतं ह्यांना. विचारलं, "दोघी?"
"दोघी ठीक."
तोंड धुवायला गेले ते मोरीतून लवकर बाहेर आलेच नाहीत.

२९ मार्च, बुध.
शालू घरी आली, काळेवाडीच्या खोलीत. मी रोज जाते, अंघोळ घालायला. रोज निघताना हे सायकलपर्यंत येतात. रोज काहीतरी निमित्त. काल शिफ्ट, आज डोकं.
शालू विचारत नाही. पण मी आत शिरले की आधी माझ्या मागं बघते. ते मला बघवत नाही.

६ एप्रिल, गुरु.
सतरंजीवर बसूनच लिहितेय. मंडळी जमत आलीय.

सकाळी हे लवकर उठले. फळीवरची वाळलेली भाकर घेऊन नदीकडं गेले आणि रिकाम्या हातांनी आले. नवीन भाकर मला भाजायला सांगितली. मी भाजली, टेबलावर पांढऱ्या कापडाखाली ठेवली. रसाचा डाग काही गेला नाही त्या कापडावरचा.

मग हे शर्ट घालून उभे. मी डिंकाचे लाडू पिशवीत भरायला लागले तर म्हणाले, "नको. हातात काही असलं की मी ते देऊन परत येईन."
"मग काय बोलणार?"
"ठाऊक नाही. तू येऊ नको."

सायकल काढली. वळणावर थांबले, मला वाटलं झालं, फिरले. चेन बघितली. गेले.

ते मघाशी. आता सगळे आलेत. पुढं कुणी बसलं नाही, सगळे दाराकडं सरकून बसलेत, टेबल एकटंच. दानिएलभाऊ खाकरतायत. उन्हामुळं दारातून रस्ता दिसत नाही, नुसतं पांढरं.

सोनाबाई विचारतायत, "पाळकीनबाय, सुरू करायचं का?"
म्हटलं, थोडं थांबू. पूल काही लांब नाही.