पाव, नंतर बघू

सोमवार, २ फेब्रुवारी २०२६. दुपारी २ वाजून १० मिनिटे.

या वेळी मी औषधांच्या खोलीत स्टुलावर उभा राहून वरच्या फळीवरच्या सिरिंजा मोजत होतो. एक मिलीच्या चाळीस, दोन मिलीच्या बासष्ट, पाच मिलीच्या एकोणीस. मोजून झाल्यावर हात धुतले आणि ही वही उघडली. सहा आठवडे रोज काय शिकलो ते लिहून ठेवा, असे नर्सिंग सहाय्यकाच्या कोर्सच्या बाईंनी सांगितले आहे.

सकाळी सांगलीहून एसटीने जतला उतरलो आणि तिथून वडापच्या जीपने इथे आलो. दवाखाना संस्थेचा आहे, गावापासून थोडा बाहेर. दहा खाटा, एक इंजेक्शनची खोली, मागे माझी खोली. चारी बाजूंनी ज्वारी काढायला आली आहे. पाण्याचा टँकर दिवसाआड येतो. मला जागा फार आवडली. वडूजला आमच्या घरी मला स्वतःचे टेबल कधी नव्हते, इथे आहे.

डॉक्टर शरच्चंद्र सांगलीला असतात, सोमवारी आणि गुरुवारी येतात. बाकीचे दिवस रेश्मा सिस्टर सगळे बघतात आणि गरज पडली की त्यांना फोन लावतात. फोनला रेंज फक्त इंजेक्शनच्या खोलीच्या खिडकीत आहे. झाडलोट आणि स्वयंपाक शालूबाई करतात. आल्या आल्या मी फळ्यावरचे 'औशध' पुसून 'औषध' लिहिले, तर त्यांनी पदर तोंडाला लावून विचारले, "आवं मास्तर, त्या श न् ष नं ताप उतरतो व्हय?" सिस्टर खूप हसल्या. तेव्हापासून माझे नाव मास्तर. मला राग आला नाही.

बुधवार, ४ फेब्रुवारी.

परीक्षा १४ मार्चला. औषधाच्या मात्रेची दहा गणिते, दहाच्या दहा बरोबर यावी लागतात. नऊ आली तरी नापास. बाई म्हणतात, दहावा माणूस कोणाच्या तरी घरचा असतो.

बारावीला माझे गणितच गेले होते, दोन वेळा. पण हे गणित वेगळे आहे. यात माणूस दिसतो. मुलाचे वजन बारा किलो, किलोला पंधरा मिलिग्रॅम, म्हणजे एकशे ऐंशी. पाच मिलीत एकशे वीस, म्हणजे साडेसात मिली. सिस्टर मोबाइलवर आकडे दाबेपर्यंत माझे उत्तर आले होते. आमच्या गल्लीतले किराणावाले आकारामतात्या यांनी लहानपणी मला पावकी, निमकी, पाऊणकी हे जुने पाढे शिकवले. चार पाऊण तीन, आठ पाऊण सहा. सिस्टरना गंमत वाटली. त्या इस्लामपूरकडच्या, पाऊणला 'पावन' म्हणतात. आमच्या घरीही तसेच म्हणतात. मी प्रयत्न करून सोडले. पाऊण म्हणजे पाऊण, शेवटी ण.

दोन नियम वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिले. वजनावरून गणित केल्याशिवाय सिरिंज भरायची नाही. फोनवर सांगितलेली मात्रा उलट विचारून घ्यायची.

शनिवार, ७ फेब्रुवारी.

संध्याकाळी सिस्टर त्यांच्या खोलीवर गेल्या, शालूबाई गावात. आज एकही पेशंट मुक्कामाला नाही. दहा खाटांच्या चादरी मी एकसारख्या ओढून ठेवल्या. बाळांचा वजनकाटा स्पिरिटने पुसला. माझे वजनही मोठ्या काट्यावर केले, छप्पन्न किलो.

वडील फौजेत आहेत, त्यांचा फोन रविवारी येतो. आईला लावला तर ती म्हणाली, दळण टाकलंय, मग बोलते. मग बोलली नाही. इथे माझ्याशी दिवसभरात जेवढे बोलले जाते ते सगळे आज मोजले, तर तीस-पस्तीस वाक्ये झाली. त्यांतली बरीचशी 'मास्तर, हे तिकडं ठेवा' अशी.

मंगळवार, १० फेब्रुवारी. रात्री.

नीट लिहायचे आहे. क्रमाने.

दोन वाजून वीस मिनिटांनी पूजा नावाची बाई बाळ घेऊन आली. दिराच्या मोटारसायकलवरून. बाळाचे नाव ओवी, चौथा महिना. अंगात ताप आणि झटके. मी काट्यावर ठेवले, वजन बरोबर पाच किलो. काटा ५.००० दाखवत होता. सिस्टरनी हातात सुई बसवली आणि बाळाला धरून ठेवले. मला म्हणाल्या, डॉक्टरांना विचार आणि भर.

मी खिडकीत गेलो. आवाज तुटत होता. डॉक्टरांनी औषधाचे नाव सांगितले आणि म्हणाले, "पाव, नंतर बघू."

मला ऐकू आले, "पावन, तर बघू."

मी उलट विचारले. नियमाप्रमाणे. पण घाईत माझ्या तोंडून घरचा शब्द आला. मी विचारले, "पावन?" त्यांना तिकडे ऐकू गेले, "पाव ना?" ते म्हणाले, हां, बरोबर.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी मी पाऊण मिली भरून सिस्टरच्या हातात दिले.

झटके थांबले. पूजा माझ्याकडे बघून हसली. मी रजिस्टर लिहायला बसलो आणि तिथे सवयीने गणित केले. वजन पाच. किलोला पाव मिलिग्रॅम, म्हणजे सव्वा. एका मिलीत पाच. म्हणजे पाव मिली.

दिवसाला वीस गणिते करणारा मी. हे एक आधी केले नाही.

तोवर बाळाचा श्वास मंदावला होता. मी मोजला, मिनिटाला अठरा. मग अकरा. सिस्टर पिशवीने श्वास देत राहिल्या. गाडी आली, सगळे सांगलीकडे निघाले. कवठेमहांकाळच्या अलीकडेच संपले, असे सिस्टरनी फोन करून सांगितले. मी इथे एकटा होतो. खिडकीतच उभा होतो.

बुधवार, ११ फेब्रुवारी.

सिस्टरना मी सगळे सांगितले. त्यांनी खोलीचे दार लावून घेतले. मग म्हणाल्या, "बाळ झटक्यानंच गेलं असं समजायचं. तू एकवीस वर्षांचा हाईस. माझी दोन पोरं शाळेत हाईत." डॉक्टरांनी फोनवर एवढेच विचारले, की रजिस्टरला काय आहे.

रजिस्टरला मी पाऊण लिहिले होते. सिस्टरनी ब्लेड दिले. 'पा' तसाच ठेवला. 'ऊण' खरवडले आणि त्यावर 'व' लिहिला. अक्षर चांगले आले. कोणाला कळणार नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी.

दुपारी इंजेक्शनच्या खोलीत कोणी नव्हते. बाळांचा काटा बंद होता, त्याची वायर मी स्वतः काढून ठेवली होती. दोन वाजून चाळीस मिनिटांनी त्यावर आकडा उमटला.

५.०००

ताट रिकामे होते. मी हात फिरवून पाहिला. ताट कोमट होते, अंगाखालची चादर असते तसे. पाच मिनिटांनी आकडा गेला.

शालूबाईंना विचारले की काटा बिघडला आहे का. त्या म्हणाल्या, "बिघडंल नायतर काय, तुमी दिवसातनं चारदा पुसताय त्यो."

मंगळवार, १७ फेब्रुवारी.

रोज. त्याच वेळी. ५.०००. शनिवारी, रविवारी, काल, आज. शेवटी मी ताटात दुमडलेला टॉवेल घालायला लागलो. थंडी वाजू नये म्हणून. हे कोणाला सांगता येणार नाही.

आज शालूबाईंनी दुसरी गोष्ट सांगितली. पूजाला सासरच्यांनी घराबाहेर काढले. सासू म्हणते की हिनेच पोरगी मारली. घुटी उगाळताना जायफळाचे दोन वेढे द्यायचे, हिने सहा दिले, पोर झोपून गेली ती गेलीच. पूजा रडून सांगते की दोनच दिले. सासू म्हणते, दवाखान्याचा कागद बघा, तिथे मात्रा बरोबर आहे, मग चुकले कोण?

दोनाचे सहा. तिप्पट.

पावाचे पाऊणही तिप्पटच.

गुरुवार, १९ फेब्रुवारी.

शिवजयंतीची सुट्टी. सगळे गावात मिरवणुकीला. ताशा इथपर्यंत ऐकू येतो.

दोन चाळीसला काट्यावर काही आले नाही. मला सुटल्यासारखे वाटले. मग डावा खांदा भरून आला. मोठ्या काट्यावर उभा राहिलो.

एकसष्ट किलो.

शर्ट काढला, चपला काढल्या. एकसष्ट.

शनिवार, २१ फेब्रुवारी.

संस्थेला अर्ज लिहिला. जे झाले ते सगळे, शुद्ध, तीन पाने. फोन, 'पावन', ब्लेड, सगळे. मात्रा पाऊण मिली दिली, असे स्पष्ट लिहिले. दुपारी पोस्टात टाकायच्या आधी वाचला.

पाव.

चारही ठिकाणी पाव. माझ्याच अक्षरात. 'ऊण' खरवडल्याची खूणसुद्धा नाही. पुन्हा लिहिला, आकड्यात, ०.७५. वाळेपर्यंत बघत बसलो. बघत असताना काही झाले नाही. पाणी पिऊन आलो, तर ७ च्या जागी २.

या वहीत बदललेले नाही. मागची पाने तपासली. इथे पाऊण पाऊणच आहे.

खांद्यावर श्वास आहे. मोजला. मिनिटाला चाळीस. छान, निरोगी.

रविवार, २२ फेब्रुवारी.

वडिलांचा फोन आला. मी सांगायला सुरुवात केली. बाबा, मी एका बाळाला— ते म्हणाले, आवाज तुटतोय, नंतर बोलू. नंतर बघू.

श्वास अठरा.

सोमवार, २३ फेब्रुवारी.

पूजा आली. एकटी, माहेराहून चालत. डोक्यावर ऊन. पायऱ्यांवरच बसली, आत आली नाही. म्हणाली, "दादा, औषध तुमीच भरलं नव्हं? किती भरलं तेवढं मला सांगा. रात्रंदिवस त्येच डोक्यात हाय. मी दोनच वेढं दिलं. मोजून दिलं."

मी तिच्यासमोर खाली बसलो. घसा साफ केला. मी म्हणालो, पाव भरायचे होते, मी पाऊण भरले. ण स्पष्ट म्हणालो. आयुष्यात कधी म्हणालो नसेन इतका स्पष्ट.

तिने मान हलवली. "व्हय. पावच. कागदावर बी पावच हाय म्हनं."

मी पुन्हा म्हणालो. पाऊण. पाऊण. तीन बोटे धरून दाखवली.

"कळलं की, दादा. पाव. म्हंजी तुमचं बरोबरच हुतं." मग पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "म्हंजी माझ्याच हातानं गेली."

ती निघाली. मी मागे धावलो आणि उद्या परत ये म्हणालो, लिहून देतो. ती हो म्हणाली. मला दादा म्हणते. इथे आल्यापासून मला दुसरे कोणी दादा म्हटलेले नाही.

श्वास अकरा. मधे मधे थांबतो. थांबतो तेव्हा मीही—

मंगळवार, २४ फेब्रुवारी. दुपारी २ वाजून ३१ मिनिटे.

ती बाहेर बाकावर आहे. तीनची एसटी पकडणार. सिस्टर सांगलीला. सही माझीच, बाकी कोणाची नको.

दुसरा कागद नको. तो बदलतो. हेच पान फाडून तिच्या हातात देणार. इथे शब्द टिकतो. वाळायच्या आत देणार. ती वाचील, किंवा कोणाकडून वाचून घेईल.

हात जड आहे. डावा नाही, लिहायचा. खांद्यावरून खाली उतरले आहे. मनगटावर आहे. पाच किलो. कोमट.

श्वास सहा.

मागचे पान पाहिले. दहा तारखेचे. तिथे— नाही. आत्ता तर होते. तिथे आता— नाही, बघायचे नाही, पुढे लिहायचे. चार.

पूजाताई, तुझ्या घुटीने काही झालेले नाही. दोन वेढे बरोबर होते. चूक माझी. हिशेब असा—

वजन : पाच किलो

डॉक्टरांनी सांगितले : पाव मिली

मी दिले : पा